रडायचं खातं

अहो,

आधी कामाचं सांगते, म्हणजे तुमचा घोर मिटेल. गॅसचं कार्ड माझ्या नावावर करायला दिलंय. तुमची उरलेली बीपीची औषधं दवाखान्यात परत केली. कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घालते. तुम्ही घालत होतात तेवढं नाही, कारण तुम्ही जरा जास्तच घालत होतात. स्कूटरचा मागचा ब्रेक नीट करून आणला. तुमचे शर्ट अजून कपाटात आहेत. ते माझ्या यादीत आहेत, पण नवी यादी केली की ते आपोआप शेवटी जातात.

आणि ऋतुजाची फिल्म पूर्ण झाली. कॉलेजात दाखवली. तुम्ही त्यात आहात. कसे आहात ते तुम्हाला सांगायचं राहिलंय, म्हणून लिहायला बसले.

खरं तर तुमच्या भाचीनंच मागे लागून बसवलं. "मामी, मामांवर थोडं लिहा की. आमच्या विभागाच्या अंकात छापायचं हाय." मी म्हटलं, पेपरात आलंय की सगळं. ती म्हणाली, "त्यात मामा कुठं हायत?" तिचं बरोबर होतं. पेपरात तुमचा फोटो होता आणि खाली 'मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल' असं होतं. ते शब्द मीच फोनवरून सांगितले होते. पलीकडचा माणूस घाई करत होता आणि मला पटकन दुसरं सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्यानं छापलं नसतं. पेपरात असं कोण छापतं, की हे गृहस्थ फार चांगले रडायचे?

पण रडायचात. ज्यांनी तुम्हाला नुसतं रस्त्यानं जाताना पाहिलंय त्यांना हे खरं वाटणार नाही. तालमीतलं अंग, शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढे उभं राहून भाजलेला रंग, आणि ती मिशी. शेजारच्या शोभावहिनींची नातवंडं जेवली नाहीत की त्या "मिशीवाल्या आजोबांना बोलवू का?" म्हणायच्या. आणि ते मिशीवाले आजोबा अनोळखी लग्नात नवरी निघाली की मंडपाच्या मागे जाऊन उभे राहायचे. कोपऱ्यावरच्या तात्यांनी म्हैस विकली तेव्हा तात्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं आणि तुम्ही त्यांच्या गोठ्यात हुंदके देत होतात. तात्याच तुमची समजूत काढत होते, "आरं, चांगल्या घरी दिलीया तिला."

आपल्याला मूल होणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्या दिवशी स्कूटर मी चालवत होते. तुम्ही मागे बसला होतात. दसरा चौकात सिग्नलला थांबलो, आणि माझा खांदा ओला झाला. शेजारी रिक्षा होती. रिक्षावाल्यानं वाकून विचारलं, "काय वो पावणं, काय झालं?"

"डोळ्यात कचरा गेलाय."

"दोनी डोळ्यात?"

"व्हय, दोनी."

त्या दिवशी घरी येऊन मी काय केलं आठवतंय? भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली होती, ती खोडली. मग भात टाकला. तुम्ही कट्ट्यावर बसून रडत होतात आणि मी कुकरच्या शिट्ट्या ऐकत होते. पाहुणेरावळे आपल्याला हसायचे, की या घरात बाई स्कूटर चालवते आणि बाप्या मागे बसतो, बाई बँकेत जाते आणि बाप्या मटणाला वाटण वाटतो. तुम्हाला कधी राग आला नाही. तुम्ही म्हणायचात, "आमच्या मंत्रिमंडळात सगळी खाती हिच्याकडं हायती. रडायचं तेवढं माझ्याकडं."

तेव्हा मी पण हसायची.

मिशीचं तुम्ही मला लग्नानंतर खूप वर्षांनी सांगितलंत. जोतिबाला गेलो होतो, उतरताना पायऱ्यांवर टेकलो होतो, आणि गुलालानं तुमची मिशी गुलाबी झाली होती. मी म्हटलं, काढा एकदा ती, जेवताना आमटी लागते. तुम्ही खाली बघत म्हणालात, "न्हाय गं. व्हट थरथरतो माझा. झाकाय ठेवलीया." तालमीत असताना समोरच्या पोराचा हात मोडला आणि कुस्ती जिंकून तुम्ही रडलात. वस्तादांनी सगळ्यांपुढे सांगितलं, ह्याला बांगड्या भरा. घरी आबांनी पट्टा काढला, तो रडल्याबद्दल. मग तुम्ही मिशी वाढवलीत. सगळ्या गावाला ती मर्दपणाची वाटली. तुमच्यासाठी ते नुसतं पांघरूण होतं.

आणि त्या मिशीमुळेच ऋतुजानं तुम्हाला खुनी केलं.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. ऋतुजा माझ्या नणंदेची, कुरुंदवाडच्या अक्कांची मुलगी. कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. शेवटच्या वर्षाला तिला एक छोटी फिल्म करायची होती आणि तिनं थ्रिलर निवडला. नाव 'शेड नंबर सात'. बंद पडलेल्या फौंड्रीचा वॉचमन एका कॉलेजच्या मुलीला पळवून शेडमध्ये बांधून ठेवतो. मुलीची आई शोधत येते, त्याच्या पाया पडते, रडते. तो हसतो, कोयता उचलतो. तेवढ्यात तरुण इन्स्पेक्टर शटर उचकटून आत येतो आणि दोघींना वाचवतो. मधल्या भागात मुलगी पळते आणि पडते. परत पळते आणि परत पडते.

तुम्ही वाटण वाटता वाटता ऐकत होतात.

"ह्यो वॉचमन का मारतो?"

"मामा, व्हिलन हाय तो."

"घरी कोण हाय त्याच्या?"

"कुणी न्हाय."

"मग जेवतो कुठं?"

"मामा!"

"आणि ही पोरगी सारखी पडती का? तू न्हाय कधी पडलीस. चिखलातनं सायकल हाणत शाळंला जात होतीस."

"थ्रिलरमध्ये पडावंच लागतंय मामा. त्याशिवाय टेन्शन येत न्हाय."

"मग त्यो इन्स्पेक्टर का न्हाय पडत?"

ऋतुजानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पोरीला काम करू दे. सामानाची यादी माझ्याकडे होती. मुलं कॅमेरा आणतात आणि दोरी विसरतात, म्हणून तिनं ते काम मला दिलं होतं. मी माझ्या पद्धतीनं प्रत्येक पात्राच्या नावापुढे त्याला काय लागणार ते लिहिलं. इन्स्पेक्टर: पिस्तूल, टॉर्च, मोटरसायकल, गॉगल, वायरलेस. वॉचमन: कोयता, किल्ल्यांचा जुडगा, काठी, कंदील. मुलगी: पांढरा ड्रेस. आई: साधी साडी, ग्लिसरिन. आणि दोरी, पण ती मुलीच्या हाताला बांधायची, म्हणून ती मी वॉचमनच्या खाली लिहिली.

तुम्ही माझ्या खांद्यावरून वाचलंत. मग म्हणालात, "बायकांच्या हातात कायच न्हाय की गं."

माझ्याही ते ध्यानात आलं होतं. पण माझं म्हणणं वेगळं होतं, आणि त्यावरून आपलं वाजलं. तुम्ही म्हणत होतात, तू बोल, तुझं ऐकती ती. मी म्हणत होते, फिल्म तिची, मार्क तिचे, तिनं दहा थ्रिलर बघितलेत आणि त्या सगळ्यांत पोरी पडतात. आपण कोण सांगणार? चुकू दे, शिकेल. तुम्ही म्हणालात, "शिकंल, पण कुणाकडनं? त्या धा पिक्चरकडनंच." हे भांडण संपलं नाही. मटण शिजलं, आपण जेवलो, आणि ते तसंच राहिलं. अजूनही मला वाटतं की दुसऱ्याच्या कामात हात घालू नये. अजूनही मला तुमच्या 'कुणाकडनं?'चं उत्तर सापडलेलं नाही.

आईचं काम करणाऱ्या बाई ऐन वेळी आल्या नाहीत. ऋतुजा डोक्याला हात लावून बसली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण साडी नेसलेली मी एकटीच होते.

शेड तुमच्या ओळखीनं मिळाली होती, मालकानं किल्ल्या विश्वासानं तुमच्या हातात दिल्या होत्या. म्हणून तुम्ही तो जुडगा कमरेला अडकवलात तो काढायलाच तयार नव्हतात. ऋतुजानं मी नेलेला खोटा जुडगा बाजूला ठेवला आणि तोच व्हिलनचा केला. शेजारच्या युनिटचा आवाज आत येऊ नये म्हणून शटर खाली ओढून आतून कुलूप लावलं होतं. खाली सगळी फौंड्रीची काळी वाळू. माझी साडी गेली, हे मी पहिल्यांदा गुडघे टेकले तेव्हाच ओळखलं.

मला रडायला येईना. ग्लिसरिन घातलं, डोळे चुरचुरले, मी विचारलं, "पुसून घेऊ का?" पोरं हसली. ऋतुजा म्हणाली, "मामी, समजा मला कुणी उचलून नेलंय. काय कराल?" मी म्हटलं, "आधी पोलिसांत तक्रार, मग तुझ्या मैत्रिणींचे फोन नंबर, मग..." ती म्हणाली, "राहू दे. नुसतं पाया पडा आणि वाक्य म्हणा."

मग मी वाकले, तुमच्या पायांवर हात ठेवले आणि म्हणाले, "माझ्या पोरीला सोडा. पाया पडते तुमच्या."

वर तुम्ही कोयता घेऊन उभे. तुम्हाला हसायचं होतं. हसू आलं नाही. आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मग मी वर बघितलं तर मिशीतून पाणी गळत होतं.

"कट! मामा! तुम्ही कशाला रडालाय? तुम्ही व्हिलन हाय!"

"व्हय, पण," तुम्ही कोयता खाली टेकवून म्हणालात, "ही कधी कुणाच्या पाया पडत न्हाय गं."

"नाटक आहे हो ते," मी म्हटलं.

"हाय की नाटक. पण पडली की."

पोरं पोट धरून हसत होती. बाहेर चहावाला पोरगा शटर वाजवत होता. मी उठले, पदरानं तुमची मिशी पुसली, म्हटलं, "आटपा आता, चहा गार होतोय," तुमच्या कमरेचा जुडगा काढून घेतला आणि शटर उघडायला गेले. पुढे ते दृश्य परत घेतलं. तुम्हाला हसायला काही जमलं नाही. ऋतुजा म्हणाली, नुसते दात दाखवा, आवाज मी नंतर घालते.

एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. तुमच्या पायाशी वाकले असताना मी काय बघत होते, माहीत आहे? तुमच्या टाचा. केवढ्या भेगा पडल्या होत्या. घरात कधी अशा दिसल्या नाहीत, कारण मी कधी तिथं बसलेच नव्हते. सगळे माझ्या रडण्याची वाट बघत होते आणि मी मनात यादीत लिहीत होते, टाचांना मलम. दुसऱ्या दिवशी आणलं. तुम्ही म्हणालात, रविवारी लावतो.

तो रविवार आला नाही. कामावर छातीत दुखलं, तिथल्या लोकांनी दवाखान्यात नेलं, मी पोहोचले तेव्हा तुम्ही पांढऱ्या चादरीखाली होतात. त्यापुढचं सगळं मी नीट केलं. कागद, फोन, गाडी. नीटच केलं.

तेच लोकांना खटकलं. आपल्याकडे दुखवट्याला येणारी बाई दारातूनच हेल काढते, मग गळ्यात पडते आणि थांबते. समोरचीनं आता तिचा हेल काढायचा असतो. फोन उचलल्यावर पलीकडच्यानं बोलायची वाट बघतो ना, तशी ती वाट बघते. मी म्हणायची, "बसा. पाणी घ्या." शोभावहिनी कानात म्हणाल्या, "रडा की एकदा. मोकळं व्हा." मी मनापासून प्रयत्न केला. डोळे मिटले, तुमचा चेहरा आणला. तुमचा चेहरा आला तो रडताना आला, आणि मला सवयीनं रुमाल शोधावासा वाटला, तुमच्यासाठी.

अक्का तर माझ्यासमोरच बोलल्या. "दगड हाय दगड. भाऊ गेला माझा, आणि ही पिठल्याची भांडी कुणाची कुणाची म्हणून नावं लिवून ठेवतीया." लिहीत होते, खरं आहे. सात घरांतून पिठलं-भाकरी आली होती, भांडी परत द्यायला नकोत? पण त्यांचा भाऊ गेला होता. त्यांना कुणावर तरी ओरडायचं होतं.

दिवस झाले, पाहुणे गेले. एका दुपारी ऋतुजा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. तिला चार दिवसांत फिल्म द्यायची होती.

"मामी, सुरुवातीला मामांचा फोटो घेते. हार घातलेला. खाली लिहिते, मामांना अर्पण."

"बरं. आणि फोटो गेल्यावर पहिल्यांदा मामा काय करतात?"

तिनं खाली बघितलं. "कोयत्याला धार लावतात."

"मग?"

"मग हसतात."

"मामांना तर हसताच आलं नव्हतं."

"ते माझ्या वर्गातल्या पोराचं हसू हाय. वरून घातलंय."

मी तिला चहा दिला. माझाही घेतला. माझ्या डोळ्यांसमोर कॉलेजचं सभागृह आलं. भरलेलं. तुम्हाला कधी न बघितलेली माणसं. ती तुम्हाला एकदाच बघणार, आणि बघणार काय, तर तुमची मिशी, तुमचं अंग आणि कुणा दुसऱ्याचं हसू. आबांना आणि वस्तादांना जो माणूस हवा होता तो तुम्ही जन्मभर झाला नाहीत. आता गेल्यावर आम्ही तुम्हाला तो करणार होतो, वर हार घालून.

तुम्ही म्हणाला होतात, तू बोल. तेव्हा मी बोलले नव्हते. या वेळी बोलले.

"ऋतू, ते रडलेलं आहे का तुझ्याकडे?"

"हाय. पण ते बाद केलेलं शूटिंग हाय मामी. रडणाऱ्या व्हिलनला कोण भिणार? सर म्हणतील टोन बिघडला. मार्क जातील."

"दाखव तर. घालायचं की नाही ते तू ठरव."

तिनं लावलं. मी वाकले, वाक्य म्हणाले, तुम्ही रडलात. 'कट' ऐकू आलं. पण कॅमेरा कुणी बंदच केला नव्हता. सगळी हसण्यात गुंग होती, आणि तो चालूच राहिला. तुम्ही कोयता टेकवलात. मी उठले, पदरानं तुमची मिशी पुसली, जुडगा घेतला. शटर वर गेलं आणि सगळी शेड उजेडानं भरली. बांधलेली ती मुलगी उठून, मनगटाला लोंबणारी दोरी तशीच घेऊन, माझ्या मागून चहा प्यायला बाहेर गेली. न पळता. न पडता. तुम्ही एकटे आत राहिलात, पाठमोरे, मनगटानं डोळे पुसत.

ऋतुजानं परत लावलं. मग आवाज बंद करून लावलं.

आवाज बंद केल्यावर ते शूटिंग राहिलं नाही. एक बाई पाया पडते. खुनी माणूस तिच्याकडे बघतो आणि त्याला रडू कोसळतं. कोयता खाली येतो. बाई त्याचे डोळे पुसते, किल्ल्या घेते, स्वतः दार उघडते आणि मुलीला घेऊन निघून जाते.

"मामी," ती म्हणाली, "ह्यो शेवट हाय."

मग ती टेबलावर डोकं ठेवून रडली. अगदी तुमच्यासारखी, खांदे हलवत. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तुमच्या घराण्यातच आहे ते.

तिनं घातलं. ते खोटं हसू काढून टाकलं. हाराचा फोटोही काढला; म्हणाली, मामा आत हायत की, बाहेर कशाला? इन्स्पेक्टर झालेला मुलगा स्वतःचा गॉगल घेऊन आला होता, तो जाम रुसला. त्याचं दृश्य नव्यानं घेतलं, आणि त्यात त्याच्या वाट्याला आता फक्त पोचणं उरलंय. तो मोटरसायकलवरून रुबाबात येतो, उतरतो, पिस्तूल काढतो, आणि समोरून आम्ही दोघी चालत येऊन त्याच्या शेजारून निघून जातो. सरांनी खरंच टोनचे मार्क कापले. ऋतुजा म्हणाली, कापू देत.

सभागृहात मी, अक्का आणि शोभावहिनी एका रांगेत होतो. तुम्ही पहिल्यांदा पडद्यावर आलात, कंदील घेऊन, तेव्हा मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. "मामा, नाद खुळा!" मिशीला टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, थांबा जरा.

मग ते दृश्य आलं. तुमचा ओठ थरथरला. एवढा मोठा पडदा, मिशीखालचंही दिसलं. मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुसरं कुणी हसलं नाही. ते हसणं तिथंच अर्धवट थांबलं, आणि मग शटर वर जाईपर्यंत पंख्यांचा आवाज तेवढा येत होता.

अक्कांनी माझा हात धरला. घट्ट. पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "ह्यो ल्हानपणापासनं असाच." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आबा लई मारायचं त्याला ह्यासाठी. वैनी, तू कधी गप्प बस म्हणाली न्हाईस त्याला."

शोभावहिनी रडत होत्या, अक्का रडत होत्या, पुढच्या रांगेतला तो गॉगलवाला पण डोळे चोळत होता. मी नाही रडले. दोघींनी माझ्याकडे बघितलं आणि या वेळी कुणी काही म्हणालं नाही. मी पर्समधून रुमाल काढून दिले. जास्तीचे नेले होते.

आता शेवटचं.

मी ऋतुजाकडून तेवढा तुकडा मोबाइलवर घेतला. फिल्ममधला कापलेला नाही, अख्खा, आवाजासकट. रविवारी दुपारी, जेवणं झाली की, तुमच्या खुर्चीसमोर बसून लावते. मलमाची ट्यूब शेजारी असते, अजून फोडलेली नाही. ती यादीतून मी काढून टाकली आहे, पण फेकली नाही.

लोकांना वाटतं मी आतल्या आत कुढते. तसं काही नाही. या घरात रडायचं खातं तुमच्याकडे होतं आणि ते मला चालवता येत नाही, एवढंच आहे. दुसऱ्या कुणाला ते देणार नाही. तुम्हीच चालवा.

त्यात एका ठिकाणी माझा आवाज आहे, "आटपा आता, चहा गार होतोय." तो आला की मी तुकडा थांबवते, मागे नेते आणि पुन्हा तुमच्या रडण्यापासून लावते. चहा होऊ दे गार. तुमचं रडून होईपर्यंत मी बसलेली असते.

तुमची,
मंगल